हिरव्या गाडीचे सीमोल्लंघन

गाडी लाल नव्हती. ती गडद हिरवी होती, जून झालेल्या कडुनिंबाच्या पानासारखी. हे मी आरंभीच नोंदवून ठेवतो, कारण माझी धाकटी बहीण मंदा, हल्ली मुक्काम नागपूर, नातवंडांना ही हकिगत सांगताना गाडी लाल करून टाकते. आणि एकदा गाडीचा रंगच चुकवला की पुढचे काहीही चुकवायला माणूस मोकळा होतो. दुसरी गोष्ट अशी की त्या गाडीचा गिअरबॉक्स भाऊमामांनी दुरुस्त केला नाही. मी केला. गेल्या महिन्यात भोपाळच्या कोलार रोडवरच्या एका हॉलमध्ये साखरपुड्याचे जेवण चालले असताना भाऊमामांचे चिरंजीव श्रीराम यांनी हातात गुलाबजामची वाटी घेऊन जमलेल्या मंडळींना सांगितले की, "रघूदादानं स्प्रिंग उलटी बसवली होती. आमच्या बाबांनी सगळं खोलून पुन्हा लावलं, तेव्हा कुठं ती गाडी हलली." मंडळी हसली. माझ्या सुनेनेही हसून घेतले. मी काही बोललो नाही. ज्यांना माझा स्वभाव ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटले असेल, कारण वरणात मीठ कमी आहे की जास्त यावरही मी विहिणीशी वाद घातलेला आहे. पण या एका बाबतीत मी उभ्या आयुष्यात तोंड उघडलेले नाही. त्याला कारण होते. ते कारण आता उरलेले नाही.

आमचे बिऱ्हाड तेव्हा टी. टी. नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये होते. नवे राज्य झाले तेव्हा नागपूरची कचेरी उचलून भोपाळला आणली गेली, आणि तिच्या फायली, कपाटे व टेबले यांच्याबरोबर माझे वडीलही आले. आई म्हणत असे की सरकारने यांनाही क्रमांक टाकून ट्रकमध्ये चढवले. बाबा सचिवालयात होते. त्यांच्या बोलण्यातही सचिवालय होते: भाजीत काय आहे असे विचारले तर "वांगी विचाराधीन आहेत" असे उत्तर मिळे, आणि ते विनोद म्हणून देत आहेत की नाही हे अखेरपर्यंत कोणाला कळले नाही. सकाळी त्यांचे स्तोत्र, पंप मारलेल्या स्टोव्हचा घरघराट आणि आईचे भाजीवाल्याशी चाललेले हिंदी हे तिन्ही आवाज एकाच वेळी सुरू होत. आईचे हिंदी म्हणजे नागपुरी मराठीलाच "है" जोडलेले असे. "काहून रे भैया, इतना महाग क्यों लगाता है, तेरेकू पिछले हप्ते का विसर पडा क्या?" भाजीवाल्याला ते पूर्ण समजे. पोह्यांच्या बाबतीत घरात दोन पक्ष होते. आईचे पोहे नागपूरचे, भरपूर कांद्याचे, वर तर्री घेतलेले; आणि बाहेर चौकात मिळत ते भोपाळचे, बडीशेप आणि शेव घातलेले, शेजारी जिलबी ठेवलेले. बडीशेप घातलेल्या पोह्यांना बाबा अनाचार म्हणत. दर रविवारी ते दूध आणायला जात आणि परतल्यावर त्यांच्या मिशीला बारीक शेव असे, हेही येथे नमूद करतो.

मी बी. एस्सी. नापास झालो असे मंदा सांगते. मी परीक्षेला बसलोच नाही. आणि न बसलेला माणूस नापास होत नाही. कॉलेज सोडून मी जहांगीराबादच्या एका गॅरेजात काम शिकू लागलो होतो आणि स्कूटरपासून जीपपर्यंत जे समोर येईल ते खोलत होतो. बाबांना याचे दुःख होते, परंतु ते दुःखसुद्धा योग्य मार्गाने वर पाठवण्यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी माझ्या नावे अर्ज केला, भरतीच्या परीक्षेला बसवले, आणि त्या वर्षी पितृपक्ष संपता संपता कनिष्ठ लिपिकाच्या जागेचा आदेश माझ्या हाती ठेवला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रुजू व्हायचे होते. वास्तविक मला टेबलखुर्चीचा तिरस्कार नव्हता. मला भीती होती ती एवढीच की मी त्या खुर्चीवर खरोखरच बसून राहीन.

नेमकी त्याच आठवड्यात शफ़ीक़ मियाँची गाडी आमच्या दारी आली. शफ़ीक़ मियाँ जुन्या शहरातले लाकडाचे व्यापारी. उंच, सडपातळ, गुडघ्याने अधू आणि जिभेने अत्यंत तंदुरुस्त. ज्या गॅरेजात मी शिकत होतो तिथे त्यांचे ट्रक येत, म्हणून ओळख. गाडी विलायती, दोन आसनांची, जमिनीला पोट लावून बसलेल्या मांजरासारखी. कुठल्याशा संस्थानिकाच्या मुलाने ती शर्यतींसाठी मागवली होती आणि हौस फिटल्यावर विकली होती. इंजिन असे की नुसते चालू केले तरी शेजारच्या क्वार्टरमधली भांडी किणकिणत. पण गिअरबॉक्स मोडला होता. दुसऱ्या गिअरचे दाते तुटले होते, गिअर सरकवणारा फोर्क वाकला होता. इंदूरच्या कारागिराने भंगारात घाला म्हणून सांगितले होते आणि मुंबईच्या कारागिराने विलायतेहून नवा गिअरबॉक्स मागवा म्हणून. लाकडाच्या ट्रकने दोरी बांधून ती गाडी आमच्या अंगणापर्यंत ओढत आणली.

"को खाँ," शफ़ीक़ मियाँ खाली उतरून भोपाळी थाटात हाक देत म्हणाले, "सुना है तुम खोल लेते हो. खोलना तो मेरे पोते को भी आता है. बंद भी कर लेते हो?"

"कर लेता हूँ, मियाँ."

"देख लो. उतार पे तो इसे अल्लाह चला लेता है. श्यामला पहाड़ी की चढ़ाई पे गियर चाहिए." मग आमच्या दारावरची 'खानझोडे' ही पाटी त्यांनी सावकाश वाचली आणि समाधानाने मान हलवली. "नाम में ख़ान है. अपना ही आदमी है."

आईने त्यांना चहा दिला. त्यांनी खिशातून पुडी काढून त्यात चिमूटभर मीठ टाकले. आई ते पाहत राहिली, आणि ते गेल्यावर तिने स्वतःच्या चहात मीठ टाकून पाहिले, आणि "वाईट नाही बापा" असा अभिप्राय दिला. बाबा मात्र अंगणातल्या गाडीकडे पाहत उभे होते.

"हे किती दिवस इथे राहणार?"

"दसऱ्यापर्यंत चालू करतो."

"दसऱ्यानंतर तू रुजू होणार आहेस."

"मला रुजू व्हायचं नाही, बाबा. मला सोनागिरीत गॅरेज काढायचं आहे."

हे वाक्य मी कित्येक दिवस मनात घोळवत होतो. ते मिठाच्या चहामागोमाग असे बाहेर पडेल असे वाटले नव्हते. बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "तोंडी अर्ज मी विचारात घेत नाही," ते म्हणाले. "पुरावा दे. दसऱ्याला संध्याकाळी या गाडीतून सीमोल्लंघन करू. तू आणि मी. रायसेन रोडने शहराची हद्द ओलांडायची आणि चारही गिअरमध्ये चालवत घरी यायचं. आलास, तर तुझा नकार मी स्वतः साहेबांकडे नेऊन देईन. नाही आलास, तर दुसऱ्या दिवशी साडेदहाला टेबलावर." आईने आतून विचारले, "अन् मध्येच बंद पडली तर येणार कसे?" बाबा म्हणाले, "बसने. लिपिक बसनेच येतात."

त्या गाडीचा गिअरबॉक्स बैठकीच्या मधूनच वर काढता येत असे, इंजिन उतरवावे लागत नसे. एवढी दया तिच्या कर्त्याने केली होती. तो मी व्हरांड्यात आणला, सतरंजी अंथरली आणि खोलू लागलो. माझी एक पद्धत होती व ती मी पुढे साऱ्या कारकिर्दीत मोडली नाही. जे आधी निघेल ते डाव्या टोकाला, त्यानंतरचे त्याच्या उजवीकडे. कागद नाही, खुणा नाहीत. ओळ हीच आठवण. उजव्या टोकाकडून उलट चालत गेले की यंत्र आपोआप पुन्हा उभे राहते. व्हरांड्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत शाफ्ट, चक्रे, कड्या, फोर्क, स्प्रिंगा आणि स्प्रिंगांखाली बसणारे पोलादी छर्रे अशी वरात लागली. नवरात्राचे दिवस होते. आई घटाला माळ बांधायला जाताना ती सारी रांग पदर सावरून ओलांडून जाई. मंदा त्यावरून उडी मारीत असे. तिला आता हे आठवत नाही म्हणे.

तुटलेला गिअर भाऊमामांनी कापून दिला. तो उत्तम होता. श्रीरामने हे वाक्य हवे तर अधोरेखित करावे. भाऊमामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. मोठ्या कारखान्यातली नोकरी सोडून त्यांनी सोनागिरीत, कारखान्याच्या पाठीमागे, स्वतःचे छोटे वर्कशॉप टाकले होते आणि त्यांच्याकडे दाते कापायचे यंत्र होते. ते यंत्र चालू असताना जेवढा आवाज करी, तेवढा आवाज मामा ते बंद असतानाही करीत. खंडेनवमीच्या सकाळी मी सायकलने गिअर आणायला गेलो, तर त्यांनी तो माझ्या हातात ठेवण्याआधी पोलादाला पाणी कसे पाजावे यावर व्याख्यान दिले, पोहे-जिलबी मागवली, आणि वर म्हणाले, "भाऊजींच्या सचिवालयात असा एक तरी गोल कागद आहे का, विचार घरी!" मी गिअर फडक्यात गुंडाळला आणि घरी आलो तो दुपार झाली होती.

व्हरांड्यात मी शिरलो आणि सायकलीसकट थांबलो.

माझी रांग नव्हती. सतरंजीच्या मधोमध पाट होता. पाटावर सर्वांत मोठे चक्र, त्यात सुपारी. त्याभोवती त्याहून लहान चक्रांचे कडे, त्याबाहेर आणखी लहान, मग कड्या, मग पाकळ्यांसारखे फोर्क, आणि सगळ्यांत बाहेर स्प्रिंगा व छर्रे एकाआड एक. कमळ होते ते. प्रत्येक दात्याला कुंकू, प्रत्येक शाफ्टला हळदीचे बोट, झेंडूची फुले, आणि या साऱ्यावर मूठ मोकळी सोडून उधळलेल्या लाल अक्षता. शेजारी विळी, कात्री, माझे पाने आणि बाबांचे फाउंटन पेन नेहमीच्या जागी बसले होते. उदबत्तीचा धूर चालला होता. आई हात जोडून उभी होती आणि अतिशय प्रसन्न दिसत होती.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? आज खंडेनवमी. विळीची पूजा होते, बाबांच्या पेनाची होते, अन् तुझ्याच हत्यारांनी काय पाप केलं?"

"हे हत्यार नाही. मोडक्या गाडीचे भाग आहेत."

"मोडके आहेत म्हणून तर जास्त पूजा पाहिजे बापा!"

मी रांगेबद्दल काही बोललो, तेव्हा ती म्हणाली, "ते कसंही पडलं होतं. मी नीट लावून दिलं." आणि मी खाली वाकलो तशी तिने माझा हात धरला. आमच्या घरची रीत अशी की पूजेला मांडलेली हत्यारे दसऱ्याच्या सकाळची आरती होईपर्यंत हलवायची नाहीत. विळीसुद्धा नाही, त्या दिवशी भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवलेली असे.

भाऊमामा पुढे सांगत की पोरगा रडायला लागला. मी रडलो नाही. मी त्या कमळासमोर मांडी घालून बसलो आणि हात न लावता, नुसत्या डोळ्यांनी, एकेक भाग उचलून मनात जागेवर ठेवत गेलो. कोणत्या कडीची कोणती बाजू घासलेली आहे, कोणते चक्र कोणाच्या अंगाला अंग लावून झिजले आहे, हे लोखंडावर लिहिलेले असते. संध्याकाळच्या आरतीच्या सुमारास माझ्या डोक्यात गिअरबॉक्स पुरा उभा राहिला होता. एक चक्र मी तिथे दोनदा चुकवले आणि दोनदा दुरुस्त केले. पण तेही डोक्यातच, आणि त्यावर बोलण्याचा अधिकार कोणाला नाही.

दसऱ्याच्या सकाळी आरती झाली आणि मी तुटून पडलो. आईची आणखी एक अट निघाली: पूजेच्या वस्तूंना सणाच्या दिवशी रॉकेलमध्ये बुडवायचे नाही. "देवीचं कुंकू अन् रॉकेलानं धुतो?" म्हणून मी सारे कोरड्या फडक्याने पुसले, हळद-कुंकू निपटून काढले, अक्षता झाडून घेतल्या. आतून पुरणाचा आणि वेलदोड्याचा वास येत होता. भाऊमामा सहकुटुंब आले. त्यांनी माझ्या डोक्यावर उभे राहून, "तो फोर्क सरळ झालाय का बघ," एवढे एक वाक्य उच्चारले. फोर्क सरळ होता, मीच केला होता. मग त्यांनी पुरणपोळी, कटाची आमटी, वडे असे यथास्थित जेवण केले, आणि आतल्या खोलीत पंख्याखाली जे झोपले ते चहाच्या वेळेला उठले. ज्याने सगळे खोलून पुन्हा लावले असे श्रीराम सांगतो, तो मनुष्य त्या वेळी घोरत होता. मंदा साक्षीदार आहे, जरी तिला तो पंखाही लाल आठवत असला तरी.

मी उभ्या उभ्या एक पोळी तुपात बुडवून खाल्ली. उन्हे कलायच्या आत गिअरबॉक्स गाडीत बसला, तेल भरले, दांडा लावला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा: लोण्यात सुरी जावी तसे एकामागून एक पडले. शफ़ीक़ मियाँ पांढरी शेरवानी घालून आले होते. गाडीत दोनच आसने आहेत आणि त्यातल्या एकावर माझे वडील बसणार आहेत हे समजल्यावर ते व्हरांड्यातल्या खुर्चीवर मामांच्या शेजारी बसले. "गाड़ी मेरी, गियर मामा का, दशहरा आपका, और सैर करेंगे बड़े बाबू! वाह मियाँ, सरकार इसी को कहते हैं."

बाबांनी काळा कोट आणि टोपी घातली होती. त्यांना त्या गाडीत उतरावे लागले, विहिरीत उतरावे तसे. गुडघे छातीशी आले. मांडीवर आपट्याच्या पानांची जुडी. मी गाडी काढली. टी. टी. नगरातून कारखान्याच्या वसाहतीकडे, तिथल्या मैदानात उभ्या केलेल्या रावणाच्या दहा तोंडांसमोरून, फुगेवाल्यांच्या आणि खांद्यावर मुले घेतलेल्या माणसांच्या गर्दीतून, दुसऱ्या गिअरात. मामांचे पोलाद त्या गिअरात बारीक सुरात गात होते. मग रायसेन रोड मोकळा झाला. तिसरा. चौथा. गाडीने मान खाली घातली आणि ती निघाली. मी त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळ गाड्या चालवल्या. माझ्या पाठीला त्या संध्याकाळचा रेटा अजून आठवतो. बाबांनी टोपी काढून कोटाच्या आत कोंबली. त्यांचे विरळ केस उभे राहिले होते. शहराच्या हद्दीचा दगड मागे गेला तेव्हा त्यांनी जुडीतले एक पान काढून माझ्या खिशात ठेवले, आणि म्हणाले, "अर्धा मुद्दा सिद्ध झाला. आता परत."

मी गाडी वळवली. पहिला पडला. दुसरा पडला. तिसरा पडेना. दांडा हलेचना, जणू मुळापासून दगडात रोवलेला.

"काय झालं?"

"तिसरा लागत नाही."

"चौथा?"

"तोही नाही. दोन्ही आतल्या एकाच दांडीवर आहेत."

बाबांनी मांडीवरची जुडी सावरली. "म्हणजे पहिल्या दोन गिअरांची गाडी. मग आमच्या कचेरीत खपून जाईल. आमच्याकडे एकावरच भागतं."

मी गाडी एका बाभळीखाली घेतली. रुजू होण्याचा तो आदेश मला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होता, त्यावरच्या शिक्क्यासह. मधले आच्छादन काढले. दांडी अडली होती. म्हणजे तिला जागेवर धरणारा छर्रा वर उचलला जात नव्हता. बूच उघडले, स्प्रिंग बाहेर घेतली, चुंबकाने छर्रा ओढला. छर्र्याच्या अंगाला, भोकाच्या भिंतीत पाचरीसारखा बसलेला, एक तांदळाचा दाणा होता. तेलाने काळवंडलेला, पण एका टोकाला अजून लाल. स्प्रिंगच्या वेढ्यात तो अडकून राहिला असणार. रस्त्याच्या हादऱ्यांनी खाली घसरला. स्प्रिंग रॉकेलमध्ये बुडवली असती तर तो तेव्हाच सुटला असता. दाणा मी बाबांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो चष्म्याजवळ नेला. "अक्षता," ते म्हणाले.

"हो."

मी छर्रा पुसून पुन्हा बसवला, वर स्प्रिंग, वर बूच. दांडा हलवला. तिसरा पडला. चौथा पडला. दाणा बाबांनी रस्त्यावर टाकला नाही. आपट्याच्या एका पानात ठेवून पान कोटाच्या खिशात ठेवले.

"घरी काय सांगणार आहेस?"

"घडलं ते."

"तुझ्या आईनं तुझ्यासाठी सगळी सकाळ ते मांडलं. तिला हे कळलं तर ती पुन्हा कुठल्याही यंत्राला कुंकू लावायची नाही. आपल्या हातून पोराचं नुकसान होत होतं, हे ती विसरायची नाही. उशीर झाला, स्प्रिंग उलटी बसली होती, एवढं सांग."

"म्हणजे सगळे म्हणतील की माझ्या हातून चुकलं!"

"म्हणतील."

"मामा जन्मभर म्हणतील, बाबा."

"तुला खुर्ची नको आहे ना? मग खुर्चीतली एक गोष्ट तेवढी घेऊन जा. कधी कधी चूक आपल्या नावावर लिहून घ्यावी लागते. चल, उजेड चाललाय."

मी त्या क्षणी त्यांच्याशी भांडलो असतो. भांडण्याजोगे माझ्याकडे पुष्कळ होते. पण 'तुला खुर्ची नको आहे ना' या शब्दांत माझे गॅरेज मंजूर झाले होते, हे जरा उशिराने माझ्या ध्यानात आले, आणि तोवर गाडी चौथ्यात होती.

आम्ही वसाहतीत शिरलो तेव्हा रावण पेटला होता आणि फटाक्यांच्या आवाजात इंजिनाचा आवाजही ऐकू येत नव्हता. दारात आई निरांजन घेऊन उभी होती. तिने बाबांना ओवाळले, मला ओवाळले, मग गाडीला. शफ़ीक़ मियाँ म्हणाले, "भाभी, मालिक को भी." तिने त्यांनाही ओवाळले आणि हातात आपट्याची पाने ठेवली, "सोना है, संभालके रखो." मामांनी विचारले, "इतका वेळ कसा लागला रे?" बाबा माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "स्प्रिंग उलटी बसली होती. वाटेत नीट केली."

तेव्हा श्रीरामने हे समजून घ्यावे की ते वाक्य त्याच्या वडिलांचे नाही. ते माझे आहे. मामांनी त्याला पुढे हातपाय जोडले, आणि दर दिवाळीला त्याची उंची वाढवली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बाबा माझा नकार घेऊन सचिवालयात गेले. सोनागिरीतले गॅरेज मी पुढे किती वर्षे चालवले आणि त्यात काय काय चालू करून दिले, हे भोपाळला ठाऊक आहे. त्यावर मी इथे शाई घालवत नाही. शफ़ीक़ मियाँ ती गाडी श्यामलाच्या चढावर नेऊन दुसऱ्या गिअरात गाणे ऐकत बसत. आई सगळ्यांना सांगे की देवीने कुंकवाची लाज राखली, आणि मी मान डोलवी. मामांच्या बाजूने हसणारी माणसे पिढी बदलून आली. मी मिठावर भांडलो, जागेवर भांडलो, मंदाशी रंगावर भांडलो. स्प्रिंगवर भांडलो नाही. आधी बाबा गेले. आई गेली ती अगदी अलीकडे, गेल्या चैत्रात, भरपूर वय होऊन.

एका बाबतीत बाबांचा अंदाज चुकला. आईने यंत्रांना कुंकू लावणे सोडले नाही. गॅरेज उघडले त्या वर्षापासून दर खंडेनवमीला ती रिक्षाने सोनागिरीला येई, पुढे पुढे व्हीलचेअरवरही आली. पाने, जॅक, हातोडे यांना स्वतःच्या हाताने हळद-कुंकू लावी. उघड्या पडलेल्या एखाद्या इंजिनालाही लावी. मग अक्षतांची वाटी उचलायच्या आधी ती थांबे. पहिल्याच वर्षी थांबली, तेव्हा मी चमकून बाबांकडे पाहिले होते. ज्या माणसाने सचिवालयातला एक कागद कधी बाहेर पडू दिला नाही, तो त्या वेळी छताचा पंखा निरखून पाहत होता.

"रघू," वाटी हातात धरून आई विचारी, "सगळं झाकलंस ना रे?"

"झाकलं, आई."

मग ती मूठ मोकळी सोडून अक्षता उधळी. या विषयावर आमच्यात झालेले बोलणे एवढेच. पण ते दर वर्षी झाले.